खिडकीखालची जुवारी

इंदूरच्या विमानतळालगत बिजासन मातेची टेकडी आहे. लहानपणी नवरात्रात आम्ही त्या टेकडीवर जात असू ते अर्धे देवीच्या दर्शनासाठी आणि अर्धे खालच्या धावपट्टीवर एखादे विमान उतरताना दिसते का, ते पाहण्यासाठी. आपणही कधी त्यात बसू, असे त्या काळी आमच्या घरात कोणाच्या स्वप्नीही आले नव्हते. २०२४ च्या डिसेंबरात त्याच धावपट्टीवरून आम्ही काकूंना घेऊन गोव्यास निघालो, तेव्हा विमानाच्या खिडकीतून ती टेकडी एवढीशी दिसली. तिचे एक छायाचित्र आम्ही घेतले. या साध्या गोष्टीचा उल्लेख मुद्दाम करीत आहोत, कारण पुढे जे घडले त्याची गोम तिच्यातच आहे.

काकूंचे माहेर गोव्यातले, जुवारी नदीच्या काठचे कुठ्ठाळी. मंगेशाचे मूळ स्थान हेच. पोर्तुगीजांच्या भयाने सोळाव्या शतकात देवाला येथून नदीपार प्रियोळास नेण्यात आले, ही कथा काकूंच्या तोंडून आम्ही बालपणापासून ऐकत आलो आहोत. गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६२ साली, लग्न होऊन त्या इंदुरास आल्या. तेव्हा त्यांचे वय वीस. नारळाच्या दुधावाचून ज्यांचे जेवण होत नसे, त्या काकू माळव्याच्या पोह्या-जिलबीला सरावल्या, राजवाड्यासमोरची गर्दी त्यांना आपली वाटू लागली, आणि पाहता पाहता साठ वर्षे उलटली. माहेरी जाणे झाले ते चार-पाच वेळा, तेही आगगाडीने आणि मोटारीने. अलीकडे तर वीस वर्षांत जाणे झाले नव्हते.

आता बेत ठरला तो भाच्याच्या मुलाच्या मुंजीचा. पण जाण्याआधी काकूंनी आम्हांस एकटे गाठून एक मागणे मागितले. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला आहे. समोरचे मधोमध दिसत नाही, कडेचे तेवढे दिसते. एखादी वस्तू हातात धरून, भरपूर उजेडात, तिरप्या नजरेने बराच वेळ न्याहाळली म्हणजे तिचा आकार त्यांना उमगतो.

"विमान जुवारीवरून उतरतं म्हणे," काकू म्हणाल्या. "मला काही वरून दिसायचं नाही. तू फोटो काढ. नदी, खाजनाचे बांध, आमचं घर, सगळं एकात येऊ दे. मग मोठा करून माझ्या हातात दे. मी बघेन सावकाश."

आम्ही शब्द दिला. मोबाइलमध्ये आता उत्तम कॅमेरा असतो, त्यात अवघड ते काय, असे आम्हांस वाटले.

मुंबईस विमान बदलले. दाबोळीला जाणाऱ्या विमानात उजव्या बाजूची खिडकी मिळाली, म्हणून आम्ही मनात सुखावलो. दुपार टळली होती. समुद्रावरून वारा वाहत असला म्हणजे दाबोळीस विमाने पूर्वेकडून, म्हणजे जमिनीच्या बाजूने उतरतात, आणि पूर्वेकडून येणारे विमान कुठ्ठाळीच्या माथ्यावरून जाते. त्या दिवशी तसेच होते. विमान वळले, खाली नदीचे विस्तीर्ण पात्र उलगडले आणि आम्ही मोबाइल बाहेर काढला. तोच ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली. आपण उतरत आहोत तो विमानतळ संरक्षण खात्याचा आहे, येथे छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई आहे.

वाचकहो, खरे सांगायचे तर आमच्या पुढच्या ओळीतील एक तरुण सूचना संपल्यावरही खुशाल चित्रण करीत होता आणि त्याला कोणी हटकले नाही. आम्हांसही कोणी पाहत नव्हते. नवा पूल आपल्या उंच मनोऱ्यांनिशी खिडकीत आला. त्याच्या अलीकडे पाण्याने भरलेली खाजने आरशाच्या तुकड्यांसारखी लखलखली, माडांची रांग आली, लाल कौलांची चार-सहा घरे आली. त्यांतले एक काकूंचे. एका मिनिटाचाही खेळ नव्हता. मोबाइल आमच्या मांडीवर उपडा पडून राहिला. हवाईसुंदरी आमच्याशेजारूनच जाऊन आपल्या जागी बसली होती. आम्हांस अडवले ते कायद्याच्या आदराने की तिच्या धाकाने, हे आजही आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

चाके जमिनीला टेकली. काकूंनी आमच्या हातावर हात ठेवून विचारले, "काढलास?"

"नाही काकू. मनाई आहे इथं."

त्यांनी हात काढून घेतला नाही. पण पुढे काही बोलल्याही नाहीत.

ही मनाई आली कोठून? गोव्यातील मुक्कामात आणि इंदुरास परतल्यावर आम्ही या प्रश्नाचा बराच पाठपुरावा केला, तेव्हा ध्यानात आले की आकाशातून चित्र घेण्याची हौस आणि तिच्यावरील पहारा ही जणू जुळी भावंडे आहेत. फ्रान्समध्ये नादार या छायाचित्रकाराने १८५८ साली बलूनमधून पॅरिसजवळचा प्रदेश टिपला. ते चित्र आज उपलब्ध नाही. अमेरिकेत १८६० च्या ऑक्टोबरात ब्लॅक नावाच्या छायाचित्रकाराने बलूनमधून बॉस्टन शहराचे चित्र घेतले. आज टिकून असलेले आकाशातून घेतलेले सर्वांत जुने छायाचित्र ते हेच. तोवर या साऱ्याला कौतुकाखेरीज दुसरा रंग नव्हता. पहिल्या महायुद्धात मात्र विमानातील कॅमेरा शत्रूचे खंदक शोधू लागला, तोफांना नेम सांगू लागला आणि राष्ट्रे सावध झाली. युद्ध संपताच १९१९ साली पॅरिस येथे हवाई वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या हद्दीवरून जाणाऱ्या विमानांत छायाचित्रणाचे साहित्य नेण्यावर वा वापरण्यावर बंदी घालण्याची मुभा त्यात प्रत्येक राष्ट्राने राखून ठेवली. पुढे डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे नवा करार झाला. आजची जगाची नागरी हवाई वाहतूक त्याच्याच पायावर उभी आहे. त्यातील ३६ वे कलम हेच सांगते. आपल्या भूमीवरील आकाशात कॅमेरा चालू द्यावा की न द्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि ज्याने त्याने ते आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरविले. सोव्हिएत संघात परदेशी पाहुण्याने विमानातून छायाचित्र घेणे निषिद्धच होते. पश्चिम जर्मनीची तऱ्हा वेगळी. तेथे आकाशातून चित्र घेण्यास आणि ते प्रसिद्ध करण्यास सरकारी अनुमती लागे. एखाद्या टुमदार गावाचे आकाशातून घेतलेले चित्र टपालाच्या कार्डावर छापले, तरी खाली अनुमती देणाऱ्या कार्यालयाचे नाव आणि क्रमांक असे. शीतयुद्ध सरले आणि १९९० मध्ये ही अट गेली. मात्र देशाच्या सुरक्षिततेला जाणूनबुजून धोका पोहोचेल असे चित्र विमानातून घेणे हा तेथील दंडविधानात आजही गुन्हा आहे. स्वीडनने निराळाच मार्ग काढला. तेथे २०१६ च्या कायद्यान्वये भर आहे तो चित्र घेण्यापेक्षा ते पसरविण्यावर. हवेतून टिपलेली चित्रे लोकांत प्रसृत करण्यापूर्वी सामान्यतः अनुमती घ्यावी लागते. पाहा, पण गावभर सांगू नका, असा हा काहीसा घरगुती न्याय आहे.

अमेरिकेत महत्त्वाच्या लष्करी ठाण्यांची चित्रे विमानातून घेणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास सांगितला आहे. एरवी आकाश मोकळे. ते किती मोकळे, हे १९८६ सालच्या एका निकालावरून कळते. सरकारच्या पर्यावरण खात्याने मिशिगन राज्यातील एका रासायनिक कारखान्याची चित्रे विमानातून घेतली. कारखानदाराने ही बेकायदा झडती असल्याची तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. इंग्लंडातील कथा तर त्याहून रंजक आहे. तेथील एक कंपनी लोकांच्या घरांची विमानातून चित्रे घेई आणि मग त्याच घरमालकांना ती विकावयास जाई. केंट परगण्यातील लॉर्ड बर्नस्टीन यांना हा आगाऊपणा खपला नाही. माझ्या घरावरचे आकाशही माझेच, तेव्हा हे अतिक्रमण आहे, असे म्हणून ते न्यायालयात गेले. १९७७ साली न्यायमूर्ती ग्रिफिथ्स यांनी निकाल दिला की, जमिनीच्या नेहमीच्या उपभोगाला लागेल तेवढ्या उंचीपर्यंतच मालकाचा हक्क चालतो, त्यावरचे आकाश सर्वांचे. मात्र कोणी सतत घिरट्या घालून एखाद्याच्या घरावर पाळतच ठेवू लागला, तर न्यायालय स्वस्थ बसणार नाही, असेही त्यांनी बजावले.

आपल्याकडील नियम इंग्रजी अमदानीतला आहे. १९३७ च्या विमान नियमांतील तेरावा नियम म्हणतो की, सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून कोणीही छायाचित्र घेऊ नये. ज्या १९३४ च्या अधिनियमाखाली हे नियम झाले, त्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. मध्यंतरी डिसेंबर २००४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने परिपत्रक काढून सामान्य प्रवाशाला आतून चित्रे घेण्याची मोकळीक दिली. सप्टेंबर २०२० मध्ये एका विमानात एका अभिनेत्रीभोवती वार्ताहरांची झुंबड उडाली, तेव्हा महासंचालनालयाने नियमभंग झाल्यास त्या मार्गावरील ती विमानफेरी दोन आठवडे बंद ठेवण्याची तंबी दिली. मात्र दुसऱ्याच दिवशी खुलासाही केला की, प्रवाशाने शांतपणे खिडकीतून चित्र घेण्यास हरकत नाही. बिजासनची टेकडी आम्ही टिपली ती या मोकळिकीच्या बळावर. संरक्षण खात्याच्या विमानतळांना मात्र ही मोकळीक नाही. पुणेकरांचे लोहगाव, ग्वाल्हेरकरांचे महाराजपूर आणि गोव्याचे दाबोळी, ही तिन्ही त्यांतच मोडतात. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे. तेथे प्रवाशांची विमाने उतरतात ती पाहुणी म्हणून.

हे सारे आम्ही पुढे वाचले. त्या संध्याकाळी मात्र कुठ्ठाळीच्या वाटेवर मोटारीत आम्ही नुसतेच चरफडत होतो. आज उपग्रह घराच्या अंगणातला रांजणसुद्धा टिपतो आणि एका म्हाताऱ्या बाईला आपल्या माहेराचे चित्र मिळू नये, हा कोणता न्याय, असे काहीसे आम्ही बोललो असू. काकू बराच वेळ खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "तुला ठाऊक नाही. मी होते ना तेव्हा इथं."

आम्हांस उलगडा होईना. तेव्हा त्यांनी सांगितले, आणि साठ वर्षांच्या सहवासात हे त्यांनी आम्हांस कधी सांगितले नव्हते.

१८ डिसेंबर १९६१ ची सकाळ. काकू एकोणीस वर्षांच्या. विहिरीवर पाणी शेंदीत असता आधी घरघर ऐकू आली आणि मग पश्चिमेकडून असे धमाके झाले की कळशीतले पाणी हिंदकळले. आईने मुलांना माजघरात ओढले. वडील मात्र अंगणात उभे राहून आकाशाकडे हात जोडीत होते, कारण विमाने भारताची होती. ती दाबोळीची धावपट्टी फोडीत होती. इतिहास असे सांगतो की, त्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या बारा कॅनबेरा विमानांनी पहिला हल्ला केला, आणि इमारतींना व नियंत्रण मनोऱ्याला धक्का लावू नये, अशी वैमानिकांना आज्ञा होती. तीप्रमाणे धावपट्टी उखडली गेली आणि इमारती उभ्या राहिल्या. तेथे असलेली दोन प्रवासी विमाने त्याच रात्री तात्पुरत्या डागडुजीनंतर उरलेल्या धावपट्टीवरून निसटून कराचीला गेली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

"वडील म्हणायचे, आपल्या पोरांनी नेमकी पट्टी फोडली, बाजूचं घर सांभाळलं," काकू म्हणाल्या. "मी तेव्हाच विचारलं होतं त्यांना, एवढ्या उंचावरून यांना कसं कळलं, पट्टी कुठं नि घर कुठं? ते म्हणाले, आधी कुणीतरी वरून बघून, चित्र काढून नेलं असेल." क्षणभर थांबून त्या पुढे बोलल्या, "आज ती पट्टी आपली आहे. तेव्हा आता दुसऱ्या कुणी काढू नये, हे बरोबरच."

आम्ही निरुत्तर झालो. ज्या नियमाला आम्ही कारकुनी खाक्या समजत होतो, त्याचा अर्थ त्यांनी विहिरीच्या काठावर उभे राहून, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच जाणला होता. ज्याच्यापायी त्यांची एवढीशी इच्छा पुरी झाली नाही, त्याचीच बाजू त्या घेत होत्या.

पण गोष्ट येथे संपली असती तर ती फारच सोपी झाली असती. मुंजीच्या दुसऱ्या दिवशी भाच्याच्या थोरल्या मुलाने संगणकावर उपग्रहाने घेतलेले गावाचे चित्र आणले आणि पडदा काकूंच्या अगदी जवळ ठेवला. चित्र मोठे करीत करीत तो घरापर्यंत आला. काकू मान तिरपी करून, पडद्यावर बोट ठेवून पाहू लागल्या. ही विहीर. हा फणस, नाही, फणस तर गेला. ही मानस, येथून भरतीचे पाणी आत घेत. बराच वेळ त्या रमल्या. मग एकाएकी त्यांनी विचारले, "हे कुणी काढलं? याला कुणी दिली परवानगी?"

मुलगा हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. शिकागोच्या कराराने विमानातील कॅमेऱ्यावर राजाचा अधिकार मान्य केला, परंतु विमानाच्याही वर, अंतराळात, कोणा एका राष्ट्राची हद्द चालत नाही. तेथून कोणीही पाहू शकतो. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जिनिव्हात रशियापुढे प्रस्ताव ठेवला होता की, दोघांनीही एकमेकांना आपापल्या देशावरून विमाने नेऊन चित्रे घेऊ द्यावीत, म्हणजे संशय फिटेल. रशियाने तो नाकारला. सदतीस वर्षांनी, १९९२ मध्ये, हेलसिंकी येथे खुल्या आकाशाचा करार झाला. २००२ पासून तो अमलात आला आणि चौतीस राष्ट्रे त्यात सामील झाली. एकमेकांची विमाने, आतमध्ये दोन्ही देशांची माणसे आणि चित्रांच्या प्रती सर्व सदस्यांस खुल्या, अशी ती व्यवस्था होती. २०२० मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली, २०२१ मध्ये रशियाही. परस्परांच्या संमतीने पाहण्याचा हा प्रयोग असा दुबळा झाला. संमतीवाचून पाहणारे वरचे डोळे मात्र वाढतच आहेत. मग प्रवाशाच्या खिडकीवरील पहाऱ्याला अर्थ तो काय उरला? काही अर्थ खचित उरला आहे. उपग्रहाची फेरी ठरलेली असते, त्याच्या वाटेत ढग येतात. खालून जाणाऱ्या विमानातला कॅमेरा त्या घटकेला तळावर नेमके काय उभे आहे, ते सांगतो. तरीही हा पहारा पूर्वीसारखा भरभक्कम राहिलेला नाही, हे मान्य केले पाहिजे.

काकूंनी त्या चित्राविषयी एक तक्रार केली, ती येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही. "हे तलाठ्याच्या नकाशासारखं आहे. सगळं आडवं. यात नदी समुद्राला मिळताना दिसत नाही." त्यांना हवे होते ते परत येणाऱ्या माणसाला दिसणारे गाव. दूर क्षितिजावर समुद्र, अलीकडे नदीचे मुख, त्याच्या अलीकडे घर. तसे दृश्य तिरप्या खिडकीतूनच दिसते, आणि ते आमच्याजवळ नव्हते.

परतीची तिकिटे आम्ही मुद्दाम मोप्याची काढली. पेडणे तालुक्यातील हा नवा विमानतळ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी खुला झाला. तो नागरी आहे, तेथे ही आडकाठी नाही. विमान उडाले, तेरेखोलची नदी आणि पलीकडचा समुद्र सोनेरी उन्हात दिसू लागला. आम्ही मोबाइल काढून म्हटले, "काकू, इथं चालतं. काढतो."

"काढ की," त्या म्हणाल्या. "छान आहे. पण ही माझी नदी नव्हे रे."

आम्ही चित्रे घेतली. चांगली आली आहेत. घरी त्यांतले एक मोठे करून लावलेही आहे, आणि पाहुणे विचारतात तेव्हा काकू सांगतात, "ते पेडण्याकडचं. आमचं घर याच्यात नाही, दक्षिणेला आहे."

मे २०२५ मध्ये सीमेवरील संघर्षानंतर महासंचालनालयाने आदेश काढला की, संरक्षण विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेलगतच्या, उतरताना व उडताना विमान दहा हजार फुटांच्या खाली असेतोवर खिडक्यांचे पडदे लावून घ्यावेत. ती बातमी आम्ही काकूंना वाचून दाखविली. ऐकून त्यांनी मान डोलावली.

"लावावेत," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, जपमाळ ओढता ओढता, "कुठ्ठाळी आली की तेवढा एक उघडा ठेवावा म्हणावं."